तीन सीसीचा इतिहास

जनावरांच्या डॉक्टरकीत जातसुधार नावाचा एक विषय असतो. गावठी गाय घ्यायची, तिला जातिवंत वळूचं रेत द्यायचं. होणाऱ्या कालवडीला पुन्हा त्याच जातीच्या दुसऱ्या वळूचं. असं करत गेलं की पहिल्या पिढीत निम्मं रक्त बदलतं, दुसऱ्या पिढीत पाऊण, आणि पाचव्या पिढीला बत्तीस भागांतले एकतीस भाग नवे होतात. उरलेला एक भाग जनावरात नेमका कुठे असतो, ते शास्त्राला सांगता येत नाही. शेतकऱ्याला सांगता येतं. तो म्हणतो, "डॉक्टर, दूध वाढलं, पर नजर आजीचीच हाय बगा."

ही प्रस्तावना मोटारसायकलीची आहे, हे सांगितल्यावर तुम्ही पान उलटणार नाही अशी आशा आहे.

२०२५ च्या दसऱ्याला मी नवी बुलेट घेतली. त्याआधी माझ्याकडे काय होतं? बुलेटच. १९८६ सालची. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, जुनीला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन नवी आणली. कवठे महांकाळ हे तालुक्याचं गाव खरं. पण बातमी पसरायच्या बाबतीत ती अजून वाडीच आहे. मी मिरज ओलांडून घरी पोचायच्या आत स्टँडजवळच्या हॉटेलात निकाल लागलेला होता. "डॉक्टरनं एवढं लाखानं पैसं घातलं, आन् पुन्यांदा तीच गाडी आनली!"

यातला 'तीच' हा शब्द मला झोंबला. पैशाचं दुःख नव्हतं. शिवाय त्याच सप्टेंबरात, २२ तारखेपासून, ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता. माझी जुनी ३४६ सीसीची, नवी ३४९ ची. म्हणजे रेषेच्या एक सीसी अलीकडे. हा हिशेब पुण्याहून मुलाने फोनवर सांगितला. त्याला मी चारचाकी घ्यायला हवी होती, पण हिशेबाच्या बाबतीत तो प्रामाणिक आहे.

१९४९ साली विलायतेत जी बुलेट बाजारात आली तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर. गुणाकार केला की ३४६ सीसी. माझी १९८६ ची? तेच माप. २००९ च्या सुमारास कारखान्याने इंजिन नव्याने घडवलं. व्यास ७०, पल्ला ९०. अखेर २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या बुलेटमध्ये व्यास ७२ झाला, पल्ला ८५.८, आणि सीसी भरले ३४९. चौऱ्याहत्तर वर्षांत तीन सीसी. आमच्या अग्रणी नदीचं पात्रसुद्धा याहून जास्त हललं असेल.

आता वंशावळ. जनावर घेताना आपण आई विचारतो, बाप विचारतो. गाडीच्या बाबतीत नुसता रंग विचारतो. बुलेटचं मूळ शोधत गेलं तर ते एका सुईपाशी येऊन थांबतं. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव आहे, ते सुयांसाठी प्रसिद्ध होतं. तिथे जॉर्ज टाउनसेंड नावाच्या गृहस्थाने १८५१ साली सुयांचा कारखाना काढला. ज्याचं आयुष्य गुराढोरांना सुया टोचण्यात गेलं त्याच्या नशिबी सुईवाल्यांची गाडी यावी, हा योगच म्हणायचा. पुढे त्या कारखान्यात सायकली होऊ लागल्या, मालक बदलले, आणि एन्फिल्ड या गावच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम मिळालं. त्या ऐटीत कंपनीने नावच एन्फिल्ड घेतलं, पाठोपाठ 'रॉयल'ही लावलं. चिन्हाला तोफ आली आणि गाडी बंदुकीसारखी घडवलेली आहे अशी जाहिरात सुरू झाली. पहिली मोटारसायकल १९०१ ची. बुलेट हे नाव १९३२ चं. बंदुकीच्या घरात गोळी जन्मली, इतकं साधं ते बारसं आहे.

हिंदुस्थानात ती आली सैन्याच्या बोटाला धरून. सरहद्दीवर गस्त घालायला दणकट गाडी पाहिजे होती, ती बुलेट ठरली. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचवाले यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया ही कंपनी काढली. तिरुवोट्टियूरला कारखाना झाला, तिथे विलायतेहून खोक्यांत आलेले भाग जोडून १९५६ अखेर १६३ गाड्या तयार झाल्या. मग साचे आले, हत्यारं आली, आणि १९६२ च्या सुमारास गाडी पुरती मद्रासची झाली. त्याच सुमारास विलायतेत बुलेट बंद पडली आणि १९७० पर्यंत मूळ कंपनीनेही राम म्हटला. माहेर बुडालं, लेक सासरी नांदत राहिली. १९७७ साली मद्रासहून बुलेट विलायतेला निर्यात होऊ लागली. माहेरपणाला गेली म्हणा. तिकडच्या म्हाताऱ्यांनी तिला बघून डोळे पुसले असतील.

माझा आणि तिचा संबंध आला १९८६ साली. मी तेव्हा नवा पशुवैद्य होतो आणि माझ्याकडे वाड्यावस्त्यांचं काम होतं. शहाणी माणसं त्या वेळी काय घेत होती? हीरो होंडाची सीडी १०० आदल्याच वर्षी आलेली होती. लिटरला ऐंशी किलोमीटरच्या गोष्टी कानावर येत होत्या. बुलेट त्याच्या निम्म्यालाही जायची नाही. पण माझ्या कार्यक्षेत्रात 'रस्ता' हा शब्द उपचारापुरता होता. नागज, ढालगाव, आरेवाडी, घाटनांद्रे... सगळा दुष्काळी टापू. म्हैसाळ योजनेचं पाणी आणि त्यामागून द्राक्षबागा यायला अजून बराच अवकाश होता. त्या दगडगोट्यांतून मला द्रवरूप नायट्रोजनचा डबा, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या कांड्यांचं भांडं, मागे बांधून न्यायचा असे. तो आडवा होऊन चालत नाही आणि हलका तर मुळीच नसतो. शंभर सीसीच्या गाडीला हा प्रपंच कुठून झेपायचा? बुलेट तो मुकाट्याने ओढायची. मुकाट्याने म्हणजे, एक कोसावरून ऐकू येईल अशा मुकाट्याने. तिचा आवाज आला की वस्तीवरची पोरं ओरडायची, "वळू आला, वळू आला!" ते गाडीला म्हणत होते की डब्याला, याचा मी कधी खुलासा मागितला नाही.

त्या गाडीची किक हा स्वतंत्र विषय आहे आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. बाकीच्या गाड्यांना लाथ मारली की झालं. बुलेटचं तसं नव्हतं. हेडलाइटच्या वर ॲम्पिअरचा काटा असे. किक हळूहळू दाबत काटा बरोबर मध्यावर येईपर्यंत थांबायचं. मग डाव्या हाताशी असलेली डिकॉम्प्रेसरची चिमुकली दांडी ओढायची, म्हणजे सिलिंडरातली कोंडलेली हवा फुस्सकन सुटते. किक आणखी बोटभर खाली न्यायची, दांडी सोडायची, किक वर घ्यायची, आणि मग मनात कुलदैवताचं नाव घेऊन अंगाचं सगळं वजन उजव्या पायावर टाकायचं. जमलं तर एकाच किकेत गाडी बोलायची. यातली एक पायरी गाळली तर किक उलटी यायची. मोठ्या एका सिलिंडरच्या कुठल्याही गाडीचा हा जातिधर्म आहे. म्हैसही पान्हवल्याशिवाय हात लावू देत नाही. चाळीस वर्षांत म्हशींच्या लाथा मी इतक्या खाल्ल्या आहेत की त्या मानाने बुलेट गरीब गाय होती.

या विधीचा सामाजिक परिणाम असा, की गाडी फक्त मालकालाच चालू करता यायची. कुलूप लावायची गरजच पडायची नाही. चार माणसांत उभं राहून काट्याकडे बघत किक मारणाऱ्या माणसाला गावात एक वजन असे. पाटील, फौजदार आणि पशुवैद्य. माझ्या पदवीपेक्षा या किकेने मला जास्त मान मिळवून दिला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

गिअरही उजव्या पायाला. पहिला वर, पुढचे तीन खाली. न्यूट्रल सापडत नसेल तर टाचेने दाबायला वेगळा खटका. ब्रेक डाव्या पायाला. बाकी साऱ्या जगाचं उलटं.

१९९३ साली कारखान्याने डिझेलवर चालणारी बुलेट काढली. तिच्यात ३२५ सीसीचं, पाण्याच्या पंपाला शोभेल असं इंजिन होतं आणि ताकद साडेसहा घोड्यांची. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला ती न पटती तरच नवल. घरात पंपासाठी डिझेलचा डबा असायचाच. लिटरला सत्तरच्या वर जायची. फक्त ताशी साठ-पासष्टच्या पुढे जायचं नाव काढायची नाही, आणि उभ्या उभ्या तिचा सांगाडा असा थडथडायचा की वर बसलेल्या माणसाचा सदरा दुरूनही हललेला दिसे. धुराच्या कायद्यांनी पुढे तिला निरोप दिला. खरं सांगायचं तर मला तिच्याविषयी माया होती, जशी गाढवाविषयी असते.

दरम्यान १९९४ मध्ये एन्फिल्ड इंडिया आयशरच्या ताब्यात गेली. आयशर म्हणजे तेव्हा आमच्याकडे ट्रॅक्टर! "ट्रॅक्टरवाल्यांनी फटफटी घेतली," ही बातमी आमच्या तालुक्याला अगदी रास्त वाटली होती. परंतु गाडी कोणी घेत नव्हतं. २००० साली महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या खपत होत्या, आणि मालक मंडळी कारखाना विकावा की बंद करावा या विचारात होती. म्हैसूरची येझदी १९९६ मध्येच गेलेली होती. पुढचा नंबर बुलेटचा, असं सगळे धरून चालले होते.

का खपत नव्हती? बुलेटवर प्रेम करणारे तर गावोगाव होते. पण त्यांच्याकडे एकेक बुलेट होती आणि ती मरत नव्हती! मी स्वतः चौदा वर्षं तिचे गोडवे गात होतो आणि कारखान्याला माझ्याकडून त्या चौदा वर्षांत मिळालं काय, तर क्लचच्या प्लेटा आणि पिस्टनच्या रिंगा. हे मी आमच्या खिलार जनावराच्या बाबतीत रोज पाहतो. खरसुंडीच्या जत्रेत जा. खिलार खोंड दिसला की माणसं फेटा सावरून उभी राहतात, शिंगं बघा, चाल बघा, काय देवाचं जनावर! आणि घरी दावणीला कोण? संकरित गाय. कौतुकावर जात जगत नाही. ती कुणीतरी विकत घ्यावी लागते, पाळावी लागते, वैरण घालावी लागते.

त्या वेळी सव्वीस वर्षांच्या सिद्धार्थ लाल या मालकाच्या मुलाने कारखाना चालवायला मागून घेतला. त्यांनी जे केलं तो शुद्ध जातसुधार होता. रूप ठेवायचं, आतडी बदलायची. टाकी तीच, दिव्याच्या वरचे दोन बारके डोळे तेच, टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने मारायच्या त्याही तशाच. पण इंजिन आणि गिअरपेटी पूर्वी वेगवेगळी होती, ती २००८-०९ पासून एकाच घरात आली. आमचे मिस्त्री म्हणाले, "सगळ्या गावात वाटण्या व्हाय लागल्यात, आन् ह्येनी एकत्र कुटुंब केलं. आता दिराचं दुखलं तरी भावजयीला उघडाय लागतंय." २०१० च्या सुमारास जुनं लोखंडी इंजिन संपलं आणि त्याच्याबरोबर उजव्या पायाचा गिअरही.

त्यापुढचे फेरफार सरकारने करवले. एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा पुढचा दिवा दिवसाही पेटता राहायला लागला. त्या वर्षी मिरज ते पंढरपूर रस्त्यावर सबंध महाराष्ट्र एकमेकांना बोटांची चिमूट उघडमीट करून "दिवा, दिवा" असं सांगत होता. माझ्या नव्या गाडीला अजूनही एखादे आजोबा सांगतात. मी मान लववून आभार मानतो. एप्रिल २०१९ पासून चाक न अडकू देणारे ब्रेक आले. एप्रिल २०२० पासून धुराचे नियम इतके कडक झाले की कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवू लागला. आणि २०२३ च्या बुलेटमध्ये किकही गेली. गाडीला किकच नाही. बटण.

परिणाम? २०२४-२५ या वर्षात कारखान्याच्या सगळ्या मिळून दहा लाखांवर गाड्या खपल्या.

मिस्त्रींना हा आकडा सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांचं शेड हायवेला लागून आहे. मी जनावराच्या छातीला नळी लावतो, तसे ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकतात. टॅपिट वाजतंय का बेरिंग, हे डोळे मिटून सांगतात. हा कान त्यांना चाळीस वर्षांत आला. नव्या गाडीचं दुखणं लॅपटॉपला वायर जोडल्यावर पडद्यावर उमटतं. "आता कान न्हाई, कांपूटर पायजे," म्हणाले. त्यांचा मुलगा सांगलीला सर्व्हिस सेंटरात लागला आहे. तो लॅपटॉप लावतो. बाप-लेकांत गाड्यांवरून वाद होत नाहीत, कारण एकाच्या गाड्या दुसऱ्याला उघडताच येत नाहीत.

मग मी का बदलली? गुडघ्यामुळे. यात बुलेटचा काहीएक दोष नाही. जन्मभर गोठ्यात उकिडवं बसायचं आणि गाईच्या वेताला हात घालायचा, या धंद्यात गुडघे पेन्शनच्या आधी निवृत्त होतात. सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "जिने किती चढता?" म्हटलं, जिना नाही, किक आहे. त्यांनी चष्मा काढला. पुढचं सांगायला नको. चारचाकी घ्यायची नव्हती. सहासष्ट वर्षांच्या माणसाने एकदा काचा वर केल्या की त्या पुन्हा खाली होत नाहीत, असं मी पाहिलेलं आहे. मला अजून जत-विजापूर मार्गे हंपीला जायचं होतं, आंबा घाटातून कोकणात उतरायचं होतं, पंढरपूरच्या वाटेवर कुठेही थांबून कुणाच्याही बांधावर भाकरी खायची होती. म्हणून जातसुधार.

पायांची समजूत घालायला मात्र वेळ लागला. जोडीतल्या उजव्या अंगाच्या बैलाला डाव्या अंगाला जुंपा. तो चालतो, पण मान तिरकी ठेवून. एकोणचाळीस वर्षं उजव्या पायाने गिअर टाकले. मी पंधरा दिवस पहाटे शाळेच्या मोकळ्या पटांगणावर गोल गोल फेऱ्या मारल्या, "डावा गिअर, उजवा ब्रेक" असं पुटपुटत. फिरायला येणारी मंडळी मला प्रदक्षिणा घालणारा भक्त समजून वाट देत होती. पेट्रोल बघायला टाकी हलवून कान लावायची सवय अजून गेलेली नाही. काटा आहे, तो खरंही सांगतो, पण टाकीतली खळखळ ऐकल्याशिवाय घाट चढायचा म्हणजे काय!

दिवाळीनंतर आम्ही दोघं रत्नागिरीला निघालो. आमची ही लग्नापासून, म्हणजे १९८७ पासून, माझ्या मागे बसते. बहुतेक बायका मागे बसतात ते नाइलाजाने. हिला प्रवासाची हौस आहे, नकाशा तिच्याच पर्समध्ये असतो. आमच्या गावावरून जाणारा रत्नागिरी-नागपूर हमरस्ता आता चौपदरी झाला आहे, त्यावर नवी गाडी लोण्यासारखी चालली. आत थरथर मारणारा वेगळा दांडा बसवलेला आहे, आवाज पूर्वीच्या पाव हिश्शावर आलेला. शाहूवाडी मागे पडली, आंब्याच्या आधी धुकं लागलं, आणि मी सहज विचारलं, "थंडी वाजतेय का?" ती दचकली. मागून म्हणाली, "तुम्हाला माझं ऐकू येतंय?"

"येतंय की. चांगलं येतंय."

त्यावर ती साखरपा येईपर्यंत गप्प. मी म्हटलं, काय झालं? चहाला थांबलो तेव्हा तिने सांगितलं. अडतीस वर्षं ती मागे बसून बोलत होती. पहिल्या प्रवासापासून. सासूबाईंचं, शाळेतल्या मुख्याध्यापिकेचं, माझ्या बदल्यांचं, मूल चार वर्षं होत नव्हतं तेव्हाचं... सगळं. मोठ्याने. मला एक अक्षर ऐकू जात नाही याची तिने पहिल्याच घाटात खात्री करून घेतली होती. उतरली की तिला हलकं वाटायचं आणि मला वाटायचं, हवापालट मानवला. "आता कुठं बोलायचं?" ती म्हणाली. आणि चहाचा कप खाली ठेवून, "गाडी चांगली आहे हं. सीटसुद्धा छान आहे."

मी कारखान्यांच्या सगळ्या सुधारणा वाचून काढल्या होत्या. ही त्यात नव्हती.

जुनी गाडी विकायची असं घरात ठरलेलं होतं. कुपवाडचा एक मुलगा दोनदा येऊन बघून गेला, भावही बरा देत होता. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला आता कवडीमोल कोणी म्हणत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर, पुन्हा नोंदणी, नवी नंबरपाटी, असला सगळा व्याप वाचणार होता. कोकणातून परत आल्यावर हिने त्या मुलाला स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं नाही त्याने, मीही नाही.

गाडी गोठ्याच्या पडवीत उभी आहे. उभी ठेवली तर इंजिन धरतं, म्हणून दर पंधरवड्याला रविवारी मिस्त्री येतात, काटा मध्यावर आणतात, डिकॉम्प्रेसर ओढतात आणि किक मारून दहा मिनिटं गाडी चालू ठेवतात. मी ओसरीवर पेपर वाचत बसतो. मिस्त्री हात पुसत चहा प्यायला माझ्याकडे येतात, आणि ही तिकडे गाडीपाशी जाऊन उभी राहते. बोलत असते. मला इथून ऐकू येत नाही.